आभाळ निवळल्यानंतरचे दोन दिवस

नोव्हेंबरच्या अखेरीस एका संध्याकाळी दवाखान्यात तिघे तरुण आले. तिघेही इथल्याच कॉलेजात शिकलेले. एक आता बँकेत आहे, दुसरा पुण्याला नोकरी करतो, तिसरा स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतो आहे. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात उत्तराखंडात बर्फातल्या ट्रेकला जायचे ठरले होते आणि त्यासाठी डॉक्टरांचा फिटनेसचा दाखला हवा होता. मी रक्तदाब पाहिला, छाती तपासली, जुन्या दुखण्यांची चौकशी केली. तिघेही ठणठणीत. विरळ हवेचा त्रास होऊ नये म्हणून कोणती गोळी घ्यायची, हे त्यांनी आधीच वाचून ठेवले होते. गरम कपडे, गॉगल, सुकामेवा अशी सगळी यादी तयार होती.

सही करायला पेन उघडले आणि सहज विचारले, "तिकडे बर्फाचं वादळ झालं, तर ते थांबल्यावर किती वेळाने निघणार?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिले. बँकेतला म्हणाला, "सर, वादळ थांबलं की निघायचं. बसून कसं चालेल? तीस तारखेचं परतीचं रिझर्वेशन आहे."

मी पेन बंद केले. "उद्या या," म्हणालो.

वाचकांना वाटेल, आपल्या जिल्ह्यात बर्फ पाहायचा तर रसवंतीगृहात जावे लागते. मग आरोग्याच्या सदरात हिमस्खलनाचा विषय कशाला? पण आपल्याकडच्या कितीतरी घरांतला मुलगा सैन्यात आहे आणि त्याची बदली कधी ना कधी हिमालयात होतेच. लग्नानंतर मनाली-काश्मीरला जाणारी जोडपी आहेत, सिक्कीम-लडाखच्या सहली आहेत आणि आता हिवाळी ट्रेकला जाणाऱ्या मुलामुलींची संख्याही वाढली आहे. बर्फ आपल्याकडे येत नाही, आपणच त्याच्याकडे जातो. म्हणून त्याची माहिती हवी.

दुसरे कारण माझे स्वतःचे आहे. मी तरुणपणी काही वर्षे लष्करात डॉक्टर होतो, हे या सदराच्या जुन्या वाचकांना ठाऊक आहे. त्या नोकरीतली एक गोष्ट मात्र मी इथे कधी लिहिली नाही. ती आज लिहितो.

एका चिठ्ठीची गोष्ट

काश्मीरमधल्या एका उंच चौकीवर माझी नेमणूक होती. हिवाळ्यात रस्ता बंद. खाली दीड तासाच्या चालीवर हेलिपॅड होते. हवा स्वच्छ असली तरच तिथे हेलिकॉप्टर उतरे. जानेवारीत एका जवानाच्या पोटात उजव्या बाजूला दुखू लागले. ताप, उलट्या. लक्षणे अपेंडिक्सची होती. नेमके त्याच रात्री वादळ सुरू झाले आणि दोन दिवस बर्फ पडत राहिला. मी सलाईन लावले, अँटिबायोटिक इंजेक्शने सुरू केली आणि आभाळ निवळण्याची वाट पाहत बसलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी लख्ख ऊन पडले. आकाश निळेभोर, वारा नाही. वायरलेसवरून निरोप आला, की हेलिकॉप्टर येऊ शकेल, रुग्णाला खाली आणा.

आमच्याबरोबर त्याच खोऱ्यातला एक वयस्कर पोर्टर होता. सगळे त्याला चाचा म्हणत. तो बाहेर जाऊन समोरच्या उताराकडे बराच वेळ पाहत राहिला. परत येऊन म्हणाला, "साब, आज पहाड भरा हुआ है. खाली होने दो, फिर चलेंगे."

मी सत्तावीस वर्षांचा होतो. म्हातारा घाबरला आहे, असे मला वाटले. चौकीवरच्या अधिकाऱ्यांनी मला विचारले, "डॉक्टर, थांबता येईल का? तुम्ही काय म्हणता ते लिहून द्या." मी लिहून दिले, 'रुग्णाला तातडीने हलवणे आवश्यक.'

इथे खरे सांगितले पाहिजे. आदल्या रात्रीपासून त्या जवानाचा ताप उतरला होता. पोट पहिल्याइतके कडक राहिले नव्हते. मी ते हाताने तपासले होते आणि कागदावर नोंदवलेही होते. पण दोन दिवस कोंडून पडल्यावर समोर ऊन दिसले, हेलिकॉप्टर मिळत होते, आणि मला ती जबाबदारी अंगावरून उतरवायची होती. 'आवश्यक' हा शब्द रुग्णाच्या पोटाने सांगितलेला नव्हता. तो माझा होता.

आम्ही आठजण निघालो. दोघे पुढे वाट फोडायला, चौघे स्ट्रेचरला, मागे मी आणि नर्सिंग असिस्टंट. सगळे जवळजवळ चाललो होतो. उताराच्या मध्यावर पुढचे दोघे पोहोचले असतील, तोच पायाखाली 'धप्प' असा आवाज झाला. माडीवर कोणी धान्याचे पोते टाकावे तसा. वर बर्फात एक रेघ सरसर धावत गेली आणि तिच्याखालचा सगळा उतार लादीसारखा सुटला. स्ट्रेचर कडेलाच होते, ते वाचले. पुढचे दोघे दिसेनासे झाले.

एकाचा हातमोजा वर दिसत होता. हातांनी, डब्यांनी, जे मिळेल त्याने उकरून सहा-सात मिनिटांत त्याचे तोंड मोकळे केले. चेहरा निळा पडला होता, श्वास बंद. तोंडातला बर्फ काढला, तोंडाला तोंड लावून श्वास दिला. तो खोकला. तो जगला.

दुसऱ्याची खूण कुठेच नव्हती. आमच्याकडे फावडे एकच होते. काठ्या खुपसत शोधत राहिलो. सापडायला चाळीस मिनिटे लागली. कंबरभर खोलीवर होता. अंगावर एक ओरखडाही नव्हता. तोंडासमोर मात्र काचेसारखा पातळ बर्फाचा थर जमला होता. त्याच्याच उच्छ्वासाच्या वाफेने बर्फ वितळून पुन्हा गोठला होता आणि हवा यायची बंद झाली होती. मी तासाहून अधिक वेळ प्रयत्न केले. वय वर्षे बावीस. आदल्याच आठवड्यात त्याच्या दुखऱ्या दाढेवर मी लवंगेचे तेल लावून दिले होते.

रुग्णाला घेऊन आम्ही चौकीवर परतलो. दोन दिवसांनी, पहाटेच्या अंधारात, चाचाने पुढे होऊन त्याला खाली नेले. शस्त्रक्रिया झाली, तो बरा झाला. म्हणजे दोन दिवस थांबता आले असते.

चौकशीत मला कोणी दोष दिला नाही. नैसर्गिक आपत्ती अशी नोंद झाली. माझी चिठ्ठीही फायलीला लागली.

बर्फ घसरतो कसा?

बर्फ डोंगरावर भिंतीच्या गिलाव्यासारखा एकसंध बसत नाही. प्रत्येक हिमवृष्टीचा थर वेगळा असतो. मध्ये कडाक्याच्या थंडीचे, निरभ्र रात्रींचे दिवस गेले, की जुन्या बर्फाचे कण मोठे आणि कोरडे होतात. मुठीत धरले तर जाड साखरेसारखे ओघळून जातात. मग नवे वादळ येते आणि या रवाळ थरावर नव्या बर्फाची जड लादी बसते.

घरी करून पाहण्याजोगा प्रयोग सांगतो. परातीत जाड रवा पसरा, त्यावर लाकडी पाट ठेवा आणि परात एका बाजूने हळूहळू उचला. बराच वेळ पाट हलत नाही. मग एका क्षणी, कसलीही पूर्वसूचना न देता, तो सगळाच्या सगळा सरकतो. त्या क्षणाच्या जरा आधी पाटावर बोटाने टिचकी मारली तरी तो सुटतो. डोंगरावरची ती टिचकी म्हणजे आपला पाय.

लोकांचा समज असा, की हिमस्खलन वरून कुठून तरी येऊन माणसावर पडते, किंवा मोठ्याने ओरडले की कोसळते. ओरडण्याने बर्फ सुटत नाही. सुटतो तो वजनाने. ट्रेकर आणि स्कीवर घसरणाऱ्यांच्या प्राणघातक अपघातांत साधारणपणे दहांपैकी नऊ वेळा ती लादी त्या माणसाच्याच किंवा त्याच्या सोबत्याच्या वजनाने सुटलेली असते, असे परदेशांतल्या नोंदी सांगतात. ही एका अर्थाने चांगली बातमी आहे. जे आपल्या पायाने होते, ते आपल्या पायाने टाळताही येते.

वादळानंतरचेच दिवस का?

नवा बर्फ खालच्या थराला धरून बसायला वेळ लागतो. तोवर त्याचे सगळे वजन कच्च्या सांध्यावर असते. म्हणून वादळ चालू असतानाचा काळ आणि ते थांबल्यानंतरचे पहिले २४ ते ४८ तास सर्वांत धोक्याचे. एका वादळात फूटभर किंवा त्याहून अधिक नवा बर्फ पडला असेल, तर या उतारांपासून दूरच राहावे. खाली रवाळ थर असेल आणि थंडी कडक असेल, तर हा धोका दोन दिवसांत न संपता कित्येक आठवडेही टिकतो. तेव्हा दोन दिवस ही कमीत कमी मुदत समजावी.

वारा हा दुसरा कारभारी. तो डोंगराच्या एका अंगावरचा बर्फ उडवून पलीकडच्या आडोशाच्या अंगावर आणून ओततो. सपाटीवर फूटभर पडलेला बर्फ आडोशाच्या उतारावर तीन-चार फूट साचलेला असतो. धारेवर पुढे आलेले बर्फाचे छज्जे दिसले, तर वाऱ्याने कुठल्या बाजूला माल भरला आहे ते कळते. चाचा जे 'पहाड भरा हुआ है' म्हणाला, त्याचा अर्थ मला फार उशिरा समजला.

तिसरे ऊन. दोन दिवसांच्या काळोखानंतर ऊन पडले, की माणसाला हुरूप येतो. पण तेच ऊन बर्फ एकदम तापवून सैल करते. दुपारी उन्हाच्या अंगाचे उतार ओल्या बर्फाने घसरू लागतात. म्हणून डोंगरातले जाणते लोक पहाटे निघतात आणि दुपारच्या आत मुक्काम गाठतात.

थोडक्यात, फोटो काढावा अशी जी पहिली स्वच्छ सकाळ, तीच घात करणारी. वादळात कोणी बाहेर पडत नाही; निळ्या आभाळाखाली सगळे पडतात.

कोणता उतार?

धोक्याचा उतार म्हणजे तुटलेला कडा, असेही अनेकांना वाटते. उभ्या कड्यावर बर्फ फार साचतच नाही, थोडा थोडा गळून जातो. लादी सुटते ती बहुधा ३० ते ४५ अंशांच्या उतारावर. कंपासपेटीत तीस-साठचा गुण्या असतो, त्याचा लहान कोन पाहा. आपल्या घरातला जिनाही साधारण तीस-पस्तीस अंशांचाच असतो. इतका साधा, चढायला बरा वाटणारा उतार सर्वांत वाईट.

आपण स्वतः उतारावर नसलो तरी वरच्या उताराचा हिशेब चुकत नाही. सुटलेला बर्फ काही क्षणांत ताशी शंभर किलोमीटरचा वेग घेतो आणि खालच्या सपाटीवर दूरवर पसरतो. ४ एप्रिल २०२३ रोजी सिक्कीममध्ये नथुलाच्या रस्त्यावर सात पर्यटक असेच गेले. ते गिर्यारोहक नव्हते, सहलीला आलेले होते. पर्यटकांना तेराव्या मैलापर्यंतच परवानगी होती. अपघात पंधराव्या मैलाजवळ झाला. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी उत्तराखंडात बद्रीनाथजवळच्या माणा इथे रस्ते बांधणाऱ्या मजुरांच्या छावणीवर बर्फ आला. ४६ जणांना वाचवता आले, आठ गेले. ते तर आपल्या राहत्या जागी होते.

आणि शिक्षण घेतले म्हणजे बर्फ आपल्याला ओळखतो, असेही नाही. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तरकाशीजवळ 'द्रौपदी का डांडा' या शिखरावर नेहरू गिर्यारोहण संस्थेची तुकडी सापडली. २७ मृतदेह मिळाले, दोघे सापडलेच नाहीत. मृतांत त्याच वर्षी एव्हरेस्ट चढून आलेल्या प्रशिक्षक सविता कंसवाल होत्या.

पहिली दहा मिनिटे

आता डॉक्टर म्हणून बोलतो. बर्फाखाली गाडला गेलेला माणूस थंडीने मरतो, अशी समजूत आहे. तसे क्वचितच होते. साधारण चारातले तीन मृत्यू गुदमरून होतात आणि उरलेले बहुतेक आपटून, मार लागून. घसरताना मऊ दिसणारा बर्फ थांबताक्षणी घट्ट बसतो. एका घनमीटरचे वजन ३०० ते ५०० किलो. त्यात माणसाला बोट हलवता येत नाही.

स्वित्झर्लंडमध्ये १९८१ ते २०२० या चाळीस वर्षांतल्या अपघातांच्या नोंदींचा अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलेल्यांपैकी दहांतले नऊ जगतात. अर्ध्या तासाला हे प्रमाण दहांत तीनवर येते. आमच्या चौकीवरच्या दोन जवानांमध्ये हाच फरक होता. एक सात मिनिटांचा, दुसरा चाळीस.

दहा मिनिटांत हेलिकॉप्टर येत नाही, रुग्णवाहिका येत नाही, कुठलेही पथक येत नाही. तिथे असतो तो फक्त बरोबरचा सोबती. म्हणून त्या दहा मिनिटांत तोच डॉक्टर. त्याच्याकडे तीन वस्तू हव्यात. पहिली, ट्रान्सीव्हर. हे छातीवर बांधायचे छोटे यंत्र सतत संदेश सोडते आणि गरज पडल्यावर दुसऱ्याचा संदेश शोधते. दुसरी, प्रोब म्हणजे जोडून लांब करता येणारी सळई. तिसरी, घडीचे धातूचे फावडे. या वस्तू प्रत्येकाकडे हव्यात आणि त्यांचा सराव निघण्याआधी झालेला हवा. एकट्या गाईडकडे असून उपयोग नाही. तोच गाडला गेला तर?

२०१६ च्या फेब्रुवारीत सियाचिनवर सुमारे १९,६०० फुटांवर दहा जवान गाडले गेले. त्यात महाराष्ट्रातलाही एकजण होता. लान्सनायक हणमंतप्पा कोप्पड सहाव्या दिवशी जिवंत सापडले, तेव्हा सारा देश हेलावला. ११ फेब्रुवारीला दिल्लीत त्यांचे निधन झाले. सहा दिवस तग धरण्याचे हे उदाहरण इतके विरळ आहे, की त्यावर भरवसा ठेवता येत नाही. पण शोध लवकर सोडू नये, एवढे त्यावरून नक्की शिकावे.

लक्षात ठेवावे असे

१. जाण्याच्या कार्यक्रमात दोन दिवस रिकामे ठेवा. परतीचे तिकीट हे हिमालयातल्या अपघातांचे न लिहिलेले कारण असते.

२. धोक्याच्या सूचना विचारा. चंदीगडची 'डीजीआरई' ही संरक्षण खात्याची संस्था हिमस्खलनाचे अंदाज देते आणि राज्यांचे आपत्ती व्यवस्थापन विभाग ते जाहीर करतात. परदेशात एक ते पाच अशा पातळ्या असतात. पाचांत तीन म्हणजे मधला, चालेल असा आकडा वाटतो. पण युरोपात बरेचसे बळी याच तिसऱ्या पातळीवर गेले आहेत.

३. डोंगर स्वतः सांगतो ते ऐका. आसपास ताजे घसरलेले उतार दिसणे, चालताना पायाखाली 'धप्प' असा आवाज होणे, पावलापासून बर्फात चिरा धावणे, यांतले एकही चिन्ह दिसले की आल्या वाटेने परत फिरा. स्थानिक माणूस 'आज नको' म्हणाला, तर त्याच्याशी वाद घालू नका.

४. उतार ओलांडावाच लागला तर एकेकाने ओलांडा. बाकीच्यांनी सुरक्षित जागी उभे राहून त्याच्यावर नजर ठेवा. मध्ये थांबू नका, फोटो काढू नका. काठीचे पट्टे मनगटातून काढून ठेवा. तंबू उताराच्या पायथ्याशी किंवा नाळेच्या तोंडाशी लावू नका.

५. बर्फ सुटलाच तर एकदा ओरडून इतरांना सावध करा आणि कडेला निसटण्याचा प्रयत्न करा. सापडलात तर वर राहण्यासाठी हातपाय मारा. वेग मंदावतो आहे असे वाटताच हात तोंडासमोर आणून श्वासापुरती जागा करा. गाडले गेल्यावर ओरडून हवा संपवू नका.

६. सोबती गाडला गेला तर तो शेवटचा कुठे दिसला ती जागा डोळ्यांनी पक्की धरा. वरून आणखी बर्फ येत नाही ना, हे पाहून लगेच शोध सुरू करा. सगळ्यांनी मदत आणायला धावू नका. सापडल्यावर त्याच्या उताराच्या खालच्या बाजूने खणा आणि आधी तोंड व छाती मोकळी करा.

७. श्वास बंद असेल तर तोंडातला बर्फ काढून आधी पाच वेळा श्वास द्या. तरीही हालचाल नसेल, तर छातीवर ३० दाब आणि २ श्वास हा क्रम सुरू ठेवा. इथे जीव हवेअभावी गेलेला असतो, म्हणून नुसते छाती दाबणे पुरत नाही.

८. वाचलेल्याला आडवेच ठेवा, झटके न देता हलवा, ओले कपडे काढून कोरड्या पांघरुणात गुंडाळा. पूर्ण शुद्धीवर असेल तरच गरम, गोड पेय द्या. हातपाय चोळू नका, बर्फ तर मुळीच चोळू नका. दारूचा थेंबही नको. तिने अंगात ऊब आल्यासारखे वाटते, पण कातडीकडे रक्त जाऊन शरीराची खरी उष्णता बाहेर पडते.

९. तासाहून अधिक काळ गाडला गेलेला, थंडगार पडलेला माणूस सापडला आणि त्याच्या तोंडा-नाकात बर्फ भरलेला नसेल, तर नाडी लागत नाही म्हणून तो गेला असे ठरवू नका. प्रयत्न चालू ठेवा. तो निर्णय इस्पितळात, त्याचे अंग गरम केल्यानंतरच होतो.

हे सगळे उपाय खरे असले तरी ते दुसऱ्या क्रमांकाचे. मधुमेहावर इंजेक्शन आहे म्हणून आपण रोज जिलेबी खात नाही. हिमस्खलनावरचा पहिल्या क्रमांकाचा इलाज एकच आहे, त्या दिवशी त्या उतारावर नसणे. तो फुकट मिळतो, पण वेळ मागतो.

दुसऱ्या दिवशी तिघे आले. वर लिहिलेली गोष्ट मी त्यांना सांगितली. मग म्हणालो, "तुमची प्रकृती उत्तम आहे, हे मी आत्ता लिहून देतो. पण एकदा मी बर्फासाठी घाईने एक कागद लिहिला आहे. दुसरा तसा लिहायचा नाही. परतीचं रिझर्वेशन दोन दिवस पुढे न्या आणि नेणाऱ्यांना त्या तीन वस्तूंबद्दल विचारा. मग सही घेऊन जा."

स्पर्धा परीक्षावाला थोडा नाराज दिसला. चार दिवसांनी तोच बदललेले तिकीट दाखवायला आला. वेटिंगवर होते. मी सही केली.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात बँकेतला मुलगा पेढ्यांचा पुडा घेऊन दवाखान्यात आला. मी विचारले, "शिखर झालं वाटतं?"

"नाही सर. निघायच्या आदल्या रात्री बर्फ सुरू झाला. सकाळी एकदम ऊन पडलं. वर जावं असं आम्हाला फार वाटत होतं. पण गाईड म्हणाला थांबू, आणि आम्हीही म्हटलं थांबू. दोन दिवस तंबूत पत्ते कुटले. मग दिवस संपले आणि खाली आलो."

"मग हे पेढे कसले?"

तो जरा ओशाळला. "आईने दिलेत. मी सगळं सांगितलं तिला."

साखरेचे पथ्य मला दहा वर्षांपासून आहे. त्या दिवशी मी एक पेढा पूर्ण खाल्ला.